समुद्र गढूळ दिसतो, पण गाळ किती ते कळतं का?

प्रश्न : सेंटिनल-२ उपग्रहाचे फोटो फुकट बघता येतात हे कळल्यापासून मी मुंबई-अलिबागचा समुद्र बघत बसतो. यावरून लिटरमागे किती गाळ आहे ते काढता येईल का? आणि उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला, पाणी जास्त ढवळतं ना, मग पौर्णिमेच्या एका फोटोत ते बरंच निवळ कसं? (एक वाचक, अलिबाग)

उत्तर : काढता येतं, पण उपग्रह गाळ मोजत नाही, पाण्यातून परत आलेला उजेड मोजतो. गाळाचे कण लाल उजेड चांगला परत फेकतात म्हणून सहसा लाल बँड (उजेडाचा फक्त लाल पट्टा) वापरतात, पण गाळ फार झाला की त्या बँडचा आकडा पुढे सरकतच नाही, मग निअर इन्फ्रारेड (लालच्या लगतचा, डोळ्याला न दिसणारा उजेड) घ्यावा लागतो. खंभातच्या आखातात तर तो लागतोच, तिथे भरती-ओहोटीचा फरक १० मीटरच्या आसपास जातो आणि तळाचा चिखल सारखा वर येत राहतो.

खरी डोकेदुखी हवेची. उपग्रहापर्यंत पोचणारा बहुतेक उजेड हवेतूनच आलेला असतो, तो वजा करावा लागतो, आणि जुनी पद्धत असं धरून चालते की निअर इन्फ्रारेडमध्ये पाणी काळंच दिसणार. खोल समुद्रात हे ठीक आहे, आपल्याकडे मात्र निअर इन्फ्रारेडमध्येही गाळ चमकतो आणि तोच हवा समजून वजा होऊन जातो. म्हणून गढूळ पाण्यासाठी शॉर्टवेव्ह इन्फ्रारेडवरून (त्याच्याही पलीकडच्या अदृश्य उजेडावरून) हवेचा हिशोब करतात.

एवढं करूनही मिलिग्रॅममध्ये आकडा हवा असेल तर होडी काढायलाच हवी. उपग्रह जातो त्याच सुमारास पाण्याचे नमुने घ्यायचे, गाळायचे, फिल्टर पेपर वाळवून वजन करायचं आणि ते उजेडाशी जुळवायचं. दुसरीकडचं तयार सूत्र इथे तसंच लावलं तर आकडा येईल, पण त्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

आता पौर्णिमेचं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ अंदाजे निघते हे तुमच्याकडचा कुठलाही कोळी सांगेल. पौर्णिमेला सव्वाअकरा, प्रत्यक्षात बाराच्या आसपास, अष्टमीला सहा. सेंटिनल-२ तुमच्यावरून जातो सकाळी अकरानंतर थोड्या वेळाने. म्हणजे उधाणाला त्याला जवळजवळ पूर्ण भरती सापडते, पाण्याची ओढ मंदावलेली, गाळ खाली बसायला लागलेला, आणि दुपारी तीनला ओहोटी जोरात चिखल ओढत असते तेव्हा तो केव्हाच निघून गेलेला. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला, उलटं, त्याला ओहोटीच दिसते. आपला ओशनसॅट उपग्रहही दुपारी बाराच्या सुमारासच जातो, तेव्हा हा घोळ तिथेही आहेच. कोरियाने २०१० मध्ये सोडलेल्या उपग्रहावरचा गोसी कॅमेरा एकाच जागेवरून दिवसातून आठ वेळा फोटो घ्यायचा, पण त्याची नजर कोरियाच्या आसपासच.

तुम्ही तुलना करायचीच तर एकाच तिथीचे फोटो शेजारी ठेवा, तेही ऑक्टोबर ते मे मधले. पावसाळ्यात नद्या सगळ्यात जास्त गाळ आणतात आणि नेमके तेव्हा ढग आडवे येतात.