जुन्या भागांतून शर्यतीची सायकल : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी कराडला पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि येत्या हंगामात रस्त्यावरच्या सायकल शर्यतींत उतरण्याची माझी इच्छा आहे. नवी रोड बाईक आवाक्याबाहेरची आहे. फार प्रयत्न केला तर २५ हजार रुपये जमतील. वापरलेली फ्रेम, चाके आणि गिअर वेगवेगळ्या ठिकाणांहून घेऊन सायकल जोडली, तर ती शर्यतीच्या लायकीची होईल का? सुरुवात कुठून करावी?

उत्तर : सायकल होईल आणि चांगली होईल, मात्र भाग जमवण्याचा क्रम चुकला तर पैसे वाया जातील. स्वस्त मिळाले म्हणून आधी गिअर घेतले, मग चाके घेतली आणि शेवटी फ्रेम शोधायला निघालात, तर एकाचे माप दुसऱ्याला लागणार नाही अशी वेळ हमखास येते. रोड बाईकमधली जवळजवळ सगळी मापे फ्रेमवरून ठरतात, त्यामुळे फ्रेम आधी आणि बाकी सारे नंतर. माझा आग्रह तर याच्याही पुढचा आहे. सुटी फ्रेम घेण्यापेक्षा तुमच्या मापाची, चालू स्थितीतली एक पूर्ण जुनी रोड बाईक घ्या आणि तिचे झिजलेले भाग बदला. सुट्या भागांच्या किमतींची बेरीज पूर्ण सायकलीच्या किमतीपेक्षा बहुतेक वेळा जास्त भरते, कारण हेडसेट (हँडल फिरते ती बेअरिंग), सीटचा क्लॅम्प, चाके झटपट काढायचे क्विक रिलीज, केबलचे आवरण अशा किरकोळ वस्तूंचा हिशेब सुरुवातीला कोणी धरत नाही. २५ हजारांपैकी पाच-सहा हजार रुपये सायकल घेण्याआधीच बाजूला काढून ठेवा. ते कशासाठी, ते पुढे येईलच.

माप आपल्या शरीराचे आधी घ्यावे. अनवाणी, भिंतीला पाठ टेकून उभे राहा, एक जाड पुस्तक दोन्ही पायांच्या मध्ये वरपर्यंत घट्ट धरा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजा. या अंतराला ०.८८३ ने गुणले की क्रँकच्या, म्हणजे पॅडलच्या दांड्या ज्या एक्सलवर फिरतात त्याच्या, मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची अंदाजाने मिळते. ८० सेंटिमीटरला ती ७०.६ सेंटिमीटर येते. सीटपोस्टवर, म्हणजे सीट धरणाऱ्या नळीवर, किमान किती भाग फ्रेमच्या आत राहिला पाहिजे याची खूण असते, ती दिसू न देता ही उंची मिळाली पाहिजे. त्याहून महत्त्वाची आहे ती वरच्या दांडीची लांबी. सीट वर-खाली करता येते, पण दांडी लांब पडली तर हात ताणले जातात, मान आखडते, आणि आखूड स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) लावून हा दोष थोडाच झाकला जातो.

फ्रेम पाहताना रंगाकडे दुर्लक्ष करा आणि सांध्यांकडे बघा. हेड ट्यूबच्या (हँडलखालची फ्रेमची नळी) मागचा खालचा भाग, बॉटम ब्रॅकेटच्या (क्रँकच्या एक्सलची बेअरिंग) भोवतालची वेल्डिंग आणि मागचे ड्रॉपआउट (चाकाचा एक्सल बसतो त्या खाचा) या जागा ओल्या फडक्याने स्वच्छ पुसून उन्हात न्याहाळाव्यात. ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर रंगाला गेलेली केसासारखी रेघ दिसली तर तो व्यवहार तिथेच सोडून द्यावा. फ्रेम सरळ आहे की नाही हे दोरीने कळते. मागचे चाक काढून एका ड्रॉपआउटला दोरी बांधा, ती हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणून आणा आणि सीट ट्यूबपासून दोन्ही बाजूंच्या दोरीचे अंतर मोजा. दोन-तीन मिलिमीटरहून जास्त फरक आला, तर फ्रेम कधीतरी जोरात आपटलेली आहे असे समजा. विक्रेत्याला तुमच्या देखत सीटपोस्ट सैल करायला सांगा. वर्षानुवर्षे ग्रीस न लावता राहिलेली सीटपोस्ट फ्रेममध्ये अशी धरते की ती काढण्याचा खर्च फ्रेमच्या किमतीवर जातो. बॉटम ब्रॅकेटचे आटे शाबूत आहेत का, तेही पाहा. फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणारा चिमटा, सुटा घेत असाल तर त्याच्या वरच्या नळीची लांबी आधी मोजा, कारण पहिल्या मालकाने ती आपल्या फ्रेमनुसार कापलेली असते आणि कापलेली नळी वाढवता येत नाही.

या किमतीत जुनी कार्बन फ्रेम कोणी देऊ केली तरी घेऊ नका. कार्बनला आतून गेलेला तडा डोळ्यांना दिसेलच असे नाही, आणि नाणे वाजवून तो ओळखण्याच्या पद्धतीवर घाटाच्या उतारावर जीव टाकणे मला मान्य नाही. हीच गोष्ट हँडल आणि स्टेमची. पोलाद वाकते आणि सूचना देते, ॲल्युमिनियम मात्र फारशी सूचना न देता तुटू शकते, त्यामुळे अपघात झालेल्या सायकलीचे हँडल फुकट मिळाले तरी नको.

चाके ७००सी मापाचीच हवीत. टायरवर २५-६२२ असा आकडा असतो. त्यातला ६२२ हा रिमवर टायर बसतो त्या वर्तुळाचा मिलिमीटरमधला व्यास. आपल्याकडच्या साध्या दुधवाल्याच्या सायकलीचे २८ इंची चाक दिसायला तेवढेच वाटते, पण त्याचा हा व्यास ६३५ आहे, म्हणून त्याचा टायर इथे कधीच बसणार नाही. ब्रेक रबर घासून रिमची बाजू आत खोलगट झाली असेल तर रिम संपली असे समजा. थोडा आउट असेल तर काळजी नको. जुना मिस्त्री तारा ओढून तो काढून देईल. चाक बाहेर काढून एक्सल दोन बोटांत हळू फिरवा. खरखर लागली तर छर्रे आणि त्यांना दाबून धरणारे कोन बदलता येतील, पण हबच्या (चाकाचा मधला भाग) आतल्या वाटीलाच खड्डे पडले असतील तर हब गेला. मागच्या हबवर आटे असलेले फ्रीव्हील (दात्यांची चक्रे आणि फिरती यंत्रणा एकत्र) आहे की कॅसेट (हबवर सरकवून बसवायची नुसती चक्रे), हेही विचारा. शर्यतीसाठी कॅसेटचाच हब घ्या, कारण त्यात एक्सलला टोकाजवळ आधार मिळतो आणि तो सहसा वाकत नाही.

गिअरच्या बाबतीत घोटाळे सर्वाधिक होतात. शिमानो कंपनीच्या रोड गटांत, म्हणजे गिअर-ब्रेकच्या संचांत, मागचे गिअर असे : क्लॅरिस आठ, सोरा नऊ, टियाग्रा दहा आणि १०५ हा गट अनेक वर्षे अकरा गिअरचा होता. हँडलवरच्या शिफ्टरचा प्रत्येक टकटक आवाज ठरावीक लांबीची केबल ओढतो, आणि ती लांबी चेन सरकवणाऱ्या डिरेलरच्या रचनेशी जुळली तरच चेन नेमक्या दातावर जाते. आठ आणि नऊ गिअरचे जुने रोड डिरेलर एकमेकांच्या शिफ्टरवर चालतात. अकरा गिअरचे डिरेलर त्यांच्याबरोबर चालत नाही. टियाग्राची ४७०० क्रमांकाची आवृत्ती दहा गिअरची असली, तरी जुन्या दहाच्या शिफ्टरशी तिचे जुळत नाही. ‘दहा म्हणजे दहा’ असे सांगणाऱ्या विक्रेत्यावर विसंबू नका. तुमच्यासाठी आठ किंवा नऊ गिअरचा गट सर्वांत योग्य. त्याची चेन आणि कॅसेट स्वस्त पडते, आणि शर्यत हरण्या-जिंकण्यात दोन गिअर कमी असल्याचा वाटा फार थोडा असतो.

दात्यांची निवड मात्र विचारपूर्वक करा, कारण कराडहून कुठेही निघालात तरी घाट चुकत नाही. जुन्या शर्यतीच्या सायकलींना पुढे ३९ आणि मागे २५ दात्यांचा सर्वांत हलका गिअर असे. त्यात पायाच्या एका फेरीत सायकल सुमारे ३.२८ मीटर पुढे जाते. पुढे ३४ आणि मागे ३२ असतील तर हेच अंतर २.२४ मीटर होते. चिपळूणहून कुंभार्ली चढताना किंवा वाईहून पसरणीचा घाट चढताना गुडघ्यांना हा फरक पुरेपूर कळतो. म्हणून पुढे ५० आणि ३४ दात्यांची चक्रे असलेली क्रँक शोधा. ३२ दात्यांची कॅसेट लावण्याआधी डिरेलर पाहा. चेन ताणून धरणारा खालचा पिंजरा आखूड असलेले जुने डिरेलर साधारण २७-२८ दात्यांपर्यंतच पोहोचते.

आता बाजूला काढलेल्या पैशांविषयी. टायर, ट्यूब, ब्रेक रबर, केबल, त्यांची आवरणे, चेन आणि हँडलची टेप या वस्तू नव्याच घ्या. कॅसेट जुनी चालेल का, हे आधीच्या चेनवरून ठरवा. साध्या पट्टीवर एका पिनेच्या मध्यापासून बारा पूर्ण कड्या (एक आतली आणि एक बाहेरची मिळून एक पूर्ण कडी) मोजा. नव्या चेनला हे अंतर नेमके १२ इंच भरते. ते एक-सोळांश इंचाने वाढले असेल तर चेन बदलायला हवी, आणि एक-अष्टमांश इंचाने वाढले असेल तर कॅसेटही झिजली, कारण झिजलेल्या दात्यांवर नवी चेन जोर लावताच घसरते.

वजनाची फार चिंता करू नका. तुमचे वजन ६५ किलो आणि सायकलीचे दहा किलो धरले, तर सायकल एक किलोने हलकी केल्याने एकूण ओझे दीड टक्काही घटत नाही. तो पैसा चांगल्या टायरवर खर्च करावा, हे माझे ठाम मत आहे.

व्यवहार करताना मूळ बिल मागा, बॉटम ब्रॅकेटखाली कोरलेला फ्रेमचा क्रमांक पडताळा आणि तो क्रमांक घालून साधी पावती लिहून घ्या. बिल नाही, क्रमांक घासलेला आहे आणि किंमत फारच कमी आहे, अशी सायकल कोणाची तरी चोरीला गेलेली असू शकते.

प्रश्न : माझ्याकडे सरळ हँडलची हायब्रिड सायकल आहे. तिला वापरलेले ड्रॉप हँडल आणि शिफ्टर लावून रोड बाईक करता येईल का? (नाशिक)

उत्तर : करता येते, पण मी करू नका असेच सांगेन. तुमच्या सायकलीला व्ही-ब्रेक (रिमच्या दोन्ही बाजूंना उभ्या दांड्यांचे ब्रेक) असतील तर त्यांना रोडच्या ब्रेक लिव्हरपेक्षा जवळजवळ दुप्पट केबल ओढली जावी लागते. रोडची लिव्हर लावली तर ती हँडलला टेकेपर्यंत दाबूनही ब्रेक पुरेसा लागणार नाही. पुढचे डिरेलरही रोडच्या शिफ्टरशी जुळत नाही. शिवाय सरळ हँडलची फ्रेम मुळात लांब असते आणि ड्रॉप हँडल हात आणखी पुढे नेते. हा सगळा खर्च करण्यापेक्षा हायब्रिड विकून त्या पैशांत भर घालावी आणि जुनी रोड बाईक घ्यावी.

प्रश्न : वडिलांची जुनी पोलादी रेसिंग सायकल घरात पडून आहे. चाके २७ इंची, मागे सहा गिअर आणि क्रँकला कॉटर पिन (क्रँक एक्सलवर पक्की करणारी पाचर). ती पुन्हा रस्त्यावर आणणे योग्य ठरेल का? (कोल्हापूर)

उत्तर : फ्रेम आतून गंजलेली नसेल तर जरूर आणा. सीटपोस्ट काढून आत टॉर्च मारा आणि बॉटम ब्रॅकेट उघडून तिथला गंज पाहा, कारण पाणी शेवटी तिथेच साठते. २७ इंची चाकाचा व्यास ६३० आहे. त्याऐवजी ७००सी चाक लावले की रिम चार मिलिमीटर खाली जाते, म्हणून ब्रेक रबर तेवढे खाली सरकते का, हे आधी तपासावे. अशा सायकलींचे ब्रेक लांब पोहोचीचे असल्यामुळे बहुधा सरकते. सहा गिअरच्या फ्रेममध्ये मागच्या हबसाठी १२६ मिलिमीटर जागा असते आणि पुढच्या पिढीच्या हबला १३० लागते. पोलादी फ्रेम जाणकार मिस्त्रीकडून दोन्ही बाजूंना दोन-दोन मिलिमीटर उघडून घेता येते, मात्र ड्रॉपआउट पुन्हा समांतर केले पाहिजेत. ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर हा प्रयोग कधीही करू नये. कॉटर पिनची क्रँक काढून चौकोनी एक्सलची बसवा. साधारणपणे अशा फ्रेममध्ये ६८ मिलिमीटर रुंदीचे इंग्लिश आट्यांचे बॉटम ब्रॅकेट असते. त्यात चेनच्या बाजूची वाटी उलट्या आट्यांची असते, हे मिस्त्रीला आठवण म्हणून सांगा, नाहीतर जोर लावून आटे जातील. इटालियन फ्रेम असेल तर रुंदी ७० आणि दोन्ही आटे सरळ, म्हणून पट्टी लावून रुंदी मोजल्याशिवाय पाना लावू नका.

प्रश्न : माझी उंची पाच फूट एक इंच आहे. जुन्या बाजारात माझ्या मापाची रोड बाईक मिळत नाही. मोठी फ्रेम घेऊन स्टेम आखूड केला तर चालेल का? (ठाणे)

उत्तर : चालणार नाही, वळणावर सायकल अस्थिर वाटेल आणि ब्रेकपर्यंत हातही नीट पोहोचणार नाही. वाट पाहावी लागली तरी लहान फ्रेमच शोधा. तिला ३८ सेंटिमीटर रुंदीचे हँडल आणि शक्य असल्यास १६५ मिलिमीटरची क्रँक लावा. काही लहान फ्रेमना ६५०सी चाके असतात, त्यांचा व्यास ५७१ आहे. त्यांचे टायर सहज मिळत नाहीत, म्हणून अशी सायकल घ्यायची झाल्यास टायरची एक जोडी हाती आल्यावरच पैसे द्या. ब्रेक लिव्हर हँडलजवळ आणण्याचा स्क्रू बऱ्याच शिफ्टरमध्ये असतो. खरेदीच्या वेळीच तो फिरवून बोटे लिव्हरवर पुरतात का, ते पाहून घ्या.