महिन्याला तेरा देव्हारे

कोपरखैरणेचे एक वाचक लिहितात (पत्र थोडक्यात): "वय ४४. महापे एमआयडीसीतल्या कंपनीत मेंटेनन्सला आहे, हातात ९२ हजार येतात. सहा वर्षं रो-हाऊसच्या मागच्या पडवीत सुट्टीच्या दिवशी लाकूडकाम करतो. गेल्या चौदा महिन्यांत ११ सागवानी देव्हारे विकले, प्रत्येकी १८ हजारांना. एकानेही घासाघीस केली नाही. आता नोकरी सोडून रबाळेला गाळा भाड्याने घ्यायचा विचार आहे. मशीनसाठी ९ लाख लागतील. ते पीएफमधून काढू की मुद्रा कर्ज घेऊ? धंदा झाला की हातातली मजा जाते म्हणतात, ती जाऊ नये म्हणून काय करावं? घरखर्चाची काळजी नाही. पत्नीचा १८ हजार पगार आहे आणि बँकेतून घेतलेल्या पॉलिसीचे महिना ३५ हजार सुरू होतील. मुलगी नववीत आहे."

नमस्कार. तुमच्या दोन्ही प्रश्नांकडे येतो, पण आधी त्या ३५ हजारांबद्दल बोलायला हवं. तुम्ही पाठवलेल्या पॉलिसीच्या कागदांत चौथ्या पानावर वर्षवार तक्ता आहे. तो तुम्हाला कुणी उघडून दाखवलेला दिसत नाही. पहिला हप्ता जून २०२४. वर्षाला ३ लाख, दहा वर्षं. पहिलं उत्पन्न जून २०३६. तेव्हा तुम्ही ५४ वर्षांचे असाल आणि मुलगी शिकून कमावती झालेली असेल.

ज्या पैशाच्या भरवशावर तुम्ही राजीनामा लिहायला बसलात, तो यायला दहा वर्षं आहेत. आणि २०३३ पर्यंत हप्ता भरायचाच आहे. महिन्याला ३५ हजार येणार असं तुम्ही धरलंत, प्रत्यक्षात २५ हजार जाणार आहेत. तुमच्या हिशेबात महिना ६० हजारांचं भगदाड आहे, आणि ते गाळ्याचं शटर उघडण्याआधीचं आहे.

तुमच्यावर मला राग नाही. बँकेच्या मॅडमनी तुम्हाला व्हॉट्सअॅपवर लिहिलंय, "सर, एफडीपेक्षा भारी, ३० भरा ६४ घ्या, रेग्युलर इन्कम." यात "कधी" हा शब्दच नाही. वीस वर्षांचं खातं असलेल्या शाखेत, ओळखीच्या माणसाने, एफडीची मुदत संपायच्या दिवशी असा कागद पुढे करायचा, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता संयम राहत नाही. ३० लाखांचे ६४ लाख ऐकायला मोठं वाटतं. पण दहा वर्षं पैसे भरायचे, मग थांबायचं, मग १५ वर्षं सव्वाचार लाख घ्यायचे, याचा परतावा साडेपाच टक्क्यांच्या आसपास पडतो. पीपीएफ ७.१ टक्के देतं, तेही करमुक्त. विमा म्हणाल तर फक्त ३० लाखांचा. तुमच्या घराला तो जेमतेम चार वर्षं पुरेल.

मग आता काय? पॉलिसी परत करायची ३० दिवसांची मुदत (फ्री-लूक) केव्हाच संपली. सरेंडर केली, म्हणजे मधेच मोडून पैसे मागितले, तर तुमच्या वेळच्या नियमाने दोन हप्त्यांनंतर हमीचं किमान मूल्य भरलेल्या रकमेच्या ३० टक्के, म्हणजे ६ लाखांचे १ लाख ८० हजार. कंपनी स्वतः ठरवते ते विशेष मूल्य याहून जास्त असू शकतं, ते लेखी मागा. माझा कल मात्र पेड-अपकडे आहे: पुढे हप्ता भरायचा नाही, पॉलिसी लहान होऊन चालू राहते. दहापैकी दोन हप्ते भरलेत, म्हणून ढोबळ हिशेबाने सव्वाचार लाखांच्या जागी वर्षाला ८५ हजार, तेही २०३६ पासून. हा आकडाही कंपनीकडून लेखी घ्या. त्यापुढे आजचे १ लाख ८० हजार सात टक्क्यांनी वाढवले तरी दहा वर्षांत साडेतीन लाख होतात. ८५ हजार पंधरा वर्षं मिळणार असतील तर पेड-अप उजवं.

मात्र क्रम चुकवू नका. आधी एक कोटीची टर्म पॉलिसी (फक्त मृत्यूनंतर घरच्यांना पैसे देणारा विमा), मग पेड-अप. टर्मचा अर्ज पगाराच्या स्लिपा हातात असतानाच करा. विमा कंपनी उत्पन्न पाहून रक्कम ठरवते, आणि सहा महिन्यांचा सुतारकामाचा धंदा दाखवून कोटीचं कव्हर सहज मिळत नाही. आरोग्य विम्याचंही तसंच. तुमचं सगळं घर सध्या कंपनीच्या पॉलिसीवर आहे, राजीनाम्यासोबत ती जाईल. आधीच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, तेव्हा ते घड्याळ आजच सुरू करा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक जीवन आणि आरोग्य विम्यावर जीएसटीही नाही. सोबत अपघात विमा घ्या आणि अर्जात करवतीच्या मशीनवर काम करतो हे स्पष्ट लिहा. तुमची कमाई बोटांवर आहे.

आता गाळा. आकडे तुमचेच वापरतो. भाडं २८ हजार, वीज ४, मदतनीस १६, पाती-दुरुस्ती-टेम्पो मिळून ४. झाले ५२ हजार. मुद्राचे ९ लाख ११ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता साडेएकोणीस हजार. म्हणजे तुमचा पहिला रुपया सुटण्याआधी महिन्याला ७२ हजार. एका देव्हाऱ्याला साग, प्लाय, पितळी कड्या, पॉलिश मिळून ८ हजार लागतात, हातात १० हजार राहतात. सात देव्हारे फक्त शटर उघडं ठेवायला. घरासाठी ६० हजार हवेत, म्हणजे आणखी सहा. महिन्याला तेरा देव्हारे. चौदा महिन्यांत तुम्ही अकरा केलेत.

एकाला ३२ तास लागतात असं तुम्हीच लिहिलंय. तेराचे चारशेच्या वर तास होतात. मशीन आणि मदतनीस धरून वेळ निम्मा झाला तरी महिन्याचे २६ दिवस, रोज आठ तास नुसतं बेंचवर. मग रे रोडला लाकूड बघायला कोण जाणार, गिऱ्हाइकाच्या घरी माप घ्यायला कोण, टेम्पोत चढवायला कोण? आणि महिन्याला तेरा जण मागायला तरी यायला हवेत.

पीएफला हात लावू नका. आजचे ९ लाख ८.२५ टक्क्यांनी, हा दर टिकला तर, ५८ व्या वर्षी २७ लाखांच्या घरात जातात. नोकरी सुटल्यावरच्या व्याजावर कर लागतो, तरीही. त्या पैशाची टेबल-सॉ घेतलीत तर पाच वर्षांनी ती अर्ध्या किमतीलाही जाणार नाही. मुद्रात तारण लागत नाही हे खरं, पण हप्ता लागतोच. माझं उत्तर: आत्ता दोन्ही नको.

मजेबद्दल तुमच्या पत्रातच उत्तर आहे, आणि तो परिच्छेद मी दोनदा वाचला. रविवारी सकाळी रंधा मारताना सागाच्या लांब, कुरळ्या ढलप्या निघतात आणि त्या वासाने आठवड्याचा शीण उतरतो, असं तुम्ही लिहिलंय. पुढच्याच ओळीत नेरूळच्या एका घराचं आहे: त्यांनी तीनदा उंची बदलली, मग आत एलईडी पट्टी मागितली, मग जाळी सीएनसीवर कापून घ्या म्हणाले. तो देव्हारा पोचवून आल्यावर तीन आठवडे तुम्ही पटाशीला हात लावला नाहीत. गाळा घेतल्यावर नेरूळसारख्या गिऱ्हाइकाला नाही म्हणता येणार नाही, कारण एक तारखेला भाडं आहे. आज नाही म्हणता येतं, कारण पगार आहे. तुमची मजा त्या पगाराने राखली आहे.

तेव्हा नोकरी ठेवा आणि भाव बदला. १८ हजारांत तुमच्या तासाला ३१० रुपये पडतात, कंपनी तुम्हाला ३९०च्या आसपास देते, वर पीएफ. अकरापैकी एकही गिऱ्हाईक घासाघीस करत नाही याचा अर्थ तुम्ही स्वस्त आहात. पुढचा देव्हारा २४ हजारांना सांगा. निम्मे लोक गेले तरी चालतील. महिन्याला एक, जमलं तर दोन. दोनच डिझाइन, उंची एकदा ठरली की ठरली, निम्मे पैसे आधी. दोन झाले तर भुशातून बत्तीस हजार सुटतात आणि रविवार तुमच्या ताब्यात राहतो. पॉलिश पेपर मारण्याचं काम तुम्हाला नकोसं वाटतं, ते तासावर कुणाला तरी द्या.

दोन बारीक गोष्टी. कंपनीच्या नेमणूकपत्रात बाहेरच्या कामाबद्दल काय लिहिलंय ते वाचा. आणि गेल्या वर्षीची विक्री रिटर्नमध्ये दाखवा. राज्यातल्या राज्यात वस्तू विकताना वर्षाला ४० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, आणि प्राप्तिकराच्या अंदाजी नफ्याच्या योजनेत बँकेतून आलेल्या विक्रीच्या किमान ६ टक्के नफा धरता येतो. हे आकडे दोन-तीन वर्षं कागदावर दिसले, की पुढे कर्ज मागताना बँक ऐकते. घरातल्या मीटरवर मोठी मशीन लावून धंदा करू नका, महावितरणची आकारणी महागात पडते.

गाळ्याचा विषय मुलीची बारावी झाल्यावर पुन्हा काढू. तोवर सलग बारा महिने, २४ हजारांच्या भावाने, महिन्याला दोनहून जास्त ऑर्डर परत पाठवाव्या लागल्या, तर मला पत्र लिहा.

या आठवड्याचं काम: टर्मचा अर्ज भरा. तिसरा हप्ता १२ तारखेला आहे आणि तो खात्यातून आपोआप कापला जातो, म्हणून बँकेत जाऊन ऑटो-डेबिट लेखी बंद करा आणि पोच घ्या. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांचा ग्रेस पीरियड (वाढीव मुदत) असतो, त्या काळात जुनं कव्हर चालू राहतं आणि नवी टर्म मंजूर व्हायला वेळ मिळतो. मॅडमचे मेसेज पुसू नका, त्यांचे स्क्रीनशॉट जोडून विमा कंपनीकडे तक्रार करा. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं, तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही.