पैसे देऊन मजुरी कशाला? न्यू जर्सीत ब्लूबेरी तोडायला आईला नेलं, त्याबद्दल

प्रश्न असा आहे: "न्यू जर्सीत स्वतः तोडून आणायच्या ब्लूबेरीच्या शेतावर आईबाबांना न्यावं का? कधी जावं? कुठलं शेत चांगलं? दुकानात स्वस्त मिळत असताना पैसे देऊन मजुरी कशाला करायची, असं नवरा म्हणतो."

'मजुरी' हा शब्द वाचला म्हणून लिहायला बसले. नाहीतर हिशोबाचं उत्तर एका ओळीचं आहे: परवडत नाही. हंगामात दुकानात डबे स्वस्त झालेले असतात, आणि एडिसनहून ब्लूबेरीच्या शेतांच्या हॅमंटन गावाला जायला दीड तास, वर पेट्रोल आणि टोल. पैसे वाचवायला जाणार असाल तर जाऊ नका.

२०१९ च्या उन्हाळ्यात माझी आई सहा महिन्यांसाठी आली होती. आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात. इथे तिसऱ्या मजल्यावरच्या अपार्टमेंटमध्ये ती दिवसभर खिडकीशी बसायची आणि संध्याकाळी आम्ही आलो की विचारायची, "आज काय काम आहे का माझ्यासारखं?" म्हणून जुलैच्या दुसऱ्या रविवारी दोन गाड्या करून निघालो. आम्ही चौघं, आई, आणि माझे थोरले दीर त्यांच्या कुटुंबासह. त्यांना मी भावोजी म्हणते.

गाडीतून उतरल्यावर आईने आधी माती हातात घेतली. पांढरी रेती. "हिच्यात काय पिकणार?" म्हणाली. तिला सांगितलं की या झाडाला अशी आंबटच जमीन लागते, चांगल्या काळ्या जमिनीत ते पिवळं पडतं. तिला ते लगेच पटलं, आमच्या कातळाच्या सड्यावर करवंदीशिवाय काही येत नाही ते ती जन्मभर बघत आली आहे.

शेतवाल्या बाईंनी बादल्या दिल्या. आईने माझी ओढणी घेऊन बादली कमरेला बांधली, म्हणजे दोन्ही हात मोकळे. पाच मिनिटं ती नुसती झाडाकडे बघत उभी राहिली. ब्लूबेरीच्या एकाच घोसात हिरवी, लालसर आणि निळी फळं एकत्र असतात. निळं दिसलं तरी देठाजवळ लाल कडं असेल तर ते आंबट लागतं, आणि घरी ठेवून गोड होत नाही. आंब्यासारखी अढी घालून चालत नाही. हे मला तिथल्या पाटीवर वाचून कळलं होतं. आईला इंग्रजी येत नाही, तिला हाताने कळलं. माझी मुलगी फळ ओढत होती तर तिला म्हणाली, "ओढू नको गो. खालून हात धर नि अंगठा फिरव. पिकलं असंल ते आपसूक येतं." आणि खरंच, अंगठ्याखालून पिकलेलं तेवढंच ओंजळीत पडतं, बाकीचं झाडावर राहतं.

भावोजी घोस मुठीत धरून ओरबाडत होते. बादली लवकर भरली, मग त्यातली हिरवी-लाल निवडून झाडाखाली टाकून दिली. मुलांना सांगत होते, इथे खाल तेवढं फुकट आहे, पोट भरून घ्या. आई काही बोलली नाही. परतताना गाडीत मला म्हणाली, "त्या झाडाचे पुढचे दोन तोडे गेले." ब्लूबेरी एकदम पिकत नाही, एका झाडाचे हंगामात तीन-चार तोडे होतात. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

वजनाच्या काट्यावर आईची बादली अकरा पौंड भरली, दोन तासांत. त्यात एकही लाल नाही, एकही चिरडलेलं नाही, फळावरची पांढरी साय शाबूत. शेतवाल्या बाई बादलीत हात न घालता नुसत्या बघत राहिल्या. तेव्हाच भावोजी सगळ्यांसमोर म्हणाले, "अमेरिकेत येऊन पैसे देऊन मजुरी केली आपण."

माझी आई लोकांच्या बागेत रोजाने काजू काढायला जायची. मार्च ते मे. ओले काजूगर सोलून चिकाने तिच्या हाताची सालं निघायची, त्या हातांनी तिला भाकरी थापता यायची नाही, मग मी थापायचे. त्या रोजाच्या पैशांतून माझी डिप्लोमाची फी गेली. भावोजींना हे माहीत होतं. लग्नाच्या बैठकीतच आम्ही काही लपवलं नव्हतं. मी तेव्हा काट्यापाशी गप्प राहिले, घरचा मान म्हणून. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

त्या रात्री वाचत बसले. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ही बेरी रानातच मिळायची. न्यू जर्सीतल्याच पाइन बॅरन्स जंगलातल्या व्हाइट्सबॉगला क्रॅनबेरीच्या मळ्यात वाढलेल्या एलिझाबेथ व्हाइटने सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांची ब्लूबेरीच्या लागवडीवरची पुस्तिका वाचली आणि १९११ मध्ये त्यांच्याबरोबर काम सुरू केलं. चांगलं झुडूप कुठे आहे हे दोघांनाही माहीत नव्हतं. माहीत होतं ते रानात बेरी काढून विकणाऱ्यांना. तिने त्यांना मापं दिली, ५/८ इंचाचं भोक पाडलेली, म्हणजे साधारण १६ मिलिमीटर. त्याहून मोठं फळ देणारं झुडूप दाखवा, पैसे घ्या. आणि झुडपाला दाखवणाऱ्याचं नाव. रूब लीक नावाच्या माणसाने दाखवलेल्या झुडपाचं 'रुबेल' झालं, ते वाण अजून लावतात. १९१६ मध्ये लागवडीचा पहिला माल विकला गेला. सगळा धंदा तोडणाऱ्यांच्या नजरेवर उभा राहिला. आजही दुकानातला तो स्वस्त डबा बहुतेक वेळा कोणीतरी दूरवरून आलेल्या मजुराने उन्हात हाताने भरलेला असतो. तुमच्या नवऱ्याला हे जरूर वाचून दाखवा.

तुम्ही विचारलेलं राहिलंच. साधारण जूनच्या मध्यापासून 'ड्यूक' हे वाण येतं, मग 'ब्लूक्रॉप', शेवटी ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत 'एलियट'. चार जुलैची सुट्टी टाळा, सकाळी लवकर जा, निघण्याआधी फोन करा, कारण झाडं रिकामी झाली की शेत दोन दिवस बंद ठेवतात. कुठलं शेत ते सांगत नाही. घरी आणून धुऊ नका, ताटात पसरून तशाच फ्रीजरला लावा, खाताना धुवा.

आईबाबांना अवश्य न्या. मात्र गुडघे दुखत असतील तर घडीची खुर्ची ठेवा, बहुतेक फळं कमरेपासून डोक्यापर्यंत असतात, फारसं खाली वाकावं लागत नाही. बूट-मोजे घाला, घरी आल्यावर मुलांच्या अंगावर गोचीड आहे का ते नीट बघा, इथे गोचीड चावून होणाऱ्या लाइम रोगाची भीती आहे. आणि ऊन सोसत नसेल तर नका नेऊ, हेही खरं.

बरोबर कोणाला न्यायचं ते मात्र आधी ठरवा. आम्ही त्यानंतर दरवर्षी एकाच गाडीने जातो. भावोजी हे वाचतील, ते इथे असतात. भावोजी, आई सकाळी सात वाजता फोन उचलते, आणि तिचा नंबर तुमच्याकडे आहे.