जुन्या अँबॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनीत जास्त दम कोणात? घ्यावी कोणती?

या प्रश्नावरून आमच्या घरात दोन भाऊ दिवाळीलाही धड बोलत नसत, म्हणून लिहितोय.

अँबॅसिडर १४८९ सीसी, ५० हॉर्सपॉवर. पद्मिनी १०८९ सीसी, ४०. पण पहिली अकराशे किलोच्या पुढे, दुसरी नऊशेच्या आत. ताकदीला वजनाने भागलं तर जवळपास बरोबरी. खरा फरक स्ट्रोकचा, म्हणजे पिस्टन वरखाली जातो त्या अंतराचा: ८८.९ मिलिमीटर विरुद्ध ७५. म्हणून अँबॅसिडर कमी आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांना) ओढते, पद्मिनीचं इंजिन फिरतं ठेवावं लागतं.

बाबांची पद्मिनी बेळगावात टिळकवाडीला, थोरल्या काकांची अँबॅसिडर निपाणीला, तंबाखूचा व्यापार. मे महिन्यात सावंतवाडीचं लग्न उरकून दोन्ही गाड्या आंबोली घाट चढत होत्या. काकांच्यात आठ माणसं आणि डिकीत आंब्याच्या पेट्या, आमच्यात चौघं. भर उन्हात बाबांनी दुसऱ्या गिअरवर नुसती रेमटवली आणि एका वळणावर गाडी गपकन बंद. पंपातच पेट्रोलची वाफ. बाबांनी कॅनमधल्या पाण्याने फडकं भिजवून पंपाला गुंडाळलं. तेवढ्यात काका हॉर्न बडवत पुढे. "डबाच की रे तो!" हे वाक्य पुढे तीस वर्षं प्रत्येक लग्नात ऐकलं.

पुढचं काका कधीच सांगत नाहीत. वीस मिनिटांत आमची सुरू झाली. आंबोली गावाच्या अलीकडे बघतो तर अँबॅसिडर बॉनेट उघडून उभी, रेडिएटर उकळलेला. गाडीचा दोष नाही. फॅनचा पट्टा ढिला, आणि काकांनी महिनाभर बॉनेट उघडलेलं नव्हतं.

तर घ्या पद्मिनी. स्टिअरिंग हलकं, बेळगावच्या खडेबाजारातल्या गर्दीतसुद्धा वळते. अँबॅसिडर हाकायला खांदे लागतात. आठ माणसं न्यायची असतील तर मात्र तीच, हे कबूल. आणि १८१७ सीसीचं इसुझू इंजिनवाली मिळाली तर माझा वरचा सगळा हिशेब विसरा, तिथे पद्मिनी मागेच राहते. कुठलीही घ्या, मॅट उचलून खालचा पत्रा टोचून बघा. कोल्हापूरची एमएच-०९ आणून बेळगावची केए-२२ करणार असाल तर आधी एनओसी (ना-हरकत दाखला) आणि टॅक्स विचारा, मग बयाणा द्या.

चुलतभाऊ इथे वाचतो, त्याच्यासाठी: त्या दिवशी तुमच्या रेडिएटरमध्ये गेलेलं पाणी डब्यातल्याच कॅनचं होतं.