बाबा आळशी नाहीत

ताई, आम्ही पाचपाखाडीत राहतो. बाबा ७३ वर्षांचे. रिटायर झाल्यापासून रोज पहाटे कचराळी तलावाला फेऱ्या मारायचे, वर्षभरापासून ते बंद केलंय. नवे बूट आणले, पावलं मोजणारं घड्याळ घेतलं, रोज १०,००० पावलं ठरवून दिली. ओढून न्यावं, तर निघताना दोन-दोनदा बाथरूमला जाऊन वेळ काढतात. गुडघे ठणठणीत, शुगर नाही, फक्त बीपीची गोळी. इतका आळस कुठून आला?
– वैतागलेला मुलगा, ठाणे

तुमच्या पत्रात कामाचं वाक्य एकच आहे आणि ते तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय. दोन-दोनदा बाथरूमला जाणारा माणूस वेळ काढत नसतो हो! अर्ध्या फेरीत लघवीची घाई लागली तर काय, ही धास्ती त्यांना घरात बसवते आहे. चारचौघांत पँट ओली होण्यापेक्षा मुलाने आळशी म्हटलेलं परवडलं. आणि तुम्ही रोज तेच म्हणताय. मला तुमचा राग आला.

साठीनंतर निम्म्याहून अधिक पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली असते. ती मूत्रमार्ग दाबते, मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही, मग पुन्हा पुन्हा जावं लागतं. बहुतेकदा हा कॅन्सर नसतो, आणि गोळ्यांनी पुष्कळांना काही आठवड्यांत आराम पडतो. पण ही पिढी हे बोलत नाही. पाणी पिणं कमी करते, त्याने चक्कर येते, इन्फेक्शन होतं, पण तोंड उघडत नाही.

आणि ते १०,००० सोडा. साठीपुढे ६,००० ते ८,००० पावलांतच बहुतेक फायदा पदरात पडतो. बाबा तर तुमच्या घड्याळाआधीपासून चालत होते.

याच आठवड्यात युरॉलॉजिस्टची वेळ घ्या. आईला मध्ये घालू नका, बायकोसमोर विषय नको. दोघंच असताना सरळ विचारा, "बाबा, लघवीचा त्रास होतोय का? रात्री किती वेळा उठता?" ते "काही नाही रे" म्हणतील. तरी न्या, आणि सोबत तुम्हीच जा. बीपीची गोळी दाखवा, काही गोळ्यांनी लघवी वाढते. प्रोस्टेटचं औषध सुरू झालं तर सुरुवातीला झटकन उठताना तोल जाऊ शकतो, तेवढं सांभाळा.

तोवर ते घड्याळ त्यांच्या हातातून काढून ठेवा.