सोरायसिससाठी नॅरोबँड यूव्हीबी (मशीनमधून ठराविक अतिनील किरण देण्याचा उपचार) चालू आहे, त्याऐवजी रोज उन्हात बसलं तर चालेल का?

नाही, उन्हाने थोडा फरक पडतो पण तो मशीनला पर्याय नाही. मशीनमधून ३११ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचाच प्रकाश येतो, तो त्वचेतल्या चवताळलेल्या टी-पेशींना (प्रतिकारशक्तीच्या पेशींना) शांत करतो आणि पेशींची भरमसाट वाढ रोखतो, उन्हात मात्र त्याच्यासोबत नुसते भाजणारे किरणही येतात आणि डोस मोजता येत नाही, अन् त्वचा भाजली की नेमके तिथेच नवे चट्टे उठू शकतात. आठवड्याला २-३ वेळा अशी साधारण २०-३० सेशन्स लागतात, पाचसहा झाल्यावर कंटाळून सोडू नका (बरेच जण सोडतात). फक्त ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) असेल किंवा डॉक्सिसायक्लिनसारखं प्रकाशाला त्वचा हळवी करणारं औषध चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.