व्हर्सायवरून थेट हिटलरवर येऊ नये
दोन महायुद्धांमधील युरोप अभ्यासायला घेताना बहुतेक नवे विद्यार्थी पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर लादलेल्या १९१९च्या व्हर्साय तहावरून थेट हिटलर सत्तेवर आला त्या १९३३वर येतात. आपण तसे करू नये. तह होऊन नऊ वर्षे झाली होती, तरी १९२८च्या जर्मन संसदेच्या निवडणुकीत हिटलरच्या नाझी पक्षाला अवघ्या १२ जागा मिळाल्या. जागतिक आर्थिक मंदीनंतर १९३०मध्ये १०७, जुलै १९३२मध्ये २३० आणि त्याच नोव्हेंबरात घसरून १९६, हे आकडे वहीत एकाखाली एक मांडावेत. मग पक्ष उतरणीला लागलेला असताना ३० जानेवारी १९३३ रोजी राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्ग यांनी हिटलरला चान्सलर (सरकारप्रमुख) का नेमले, हा खरा प्रश्न समोर येतो आणि त्यासाठी हिटलरच्या आधीचे दोन चान्सलर पापेन व श्लायशर यांच्यातील चुरस बारकाईने वाचावी लागते. लढायांचे नकाशे (मोह त्यांचाच अधिक असतो) नंतर पाहिले तरी चालतील.